कुट्टी मशीनचा पट्टा ताणण्याआधी पाती बघा: या चुका टाळा

"कुट्टी मशीन वैरण ओढत नाही, पट्टा ताणून दिला तरी घसरतोय," असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, पात्यांना धार कधी लावली होती? बहुतेकांना आठवत नाही. बोथट पातं वैरण कापत नाही, चेचतं. लोड वाढतो, पट्टा पुलीवर घसरतो, जळका वास येतो आणि दोष जातो पट्ट्याच्या माथी.

आमच्या फलटण भागातल्या एका गोठ्यावर दोन एचपीची मोटर होती आणि रोज ओलं नेपियर गवत कापायचं. थोरल्या पोरानं मोटर मागं सरकवून पट्टा ताणला. थोडे दिवस चाललं, पुन्हा घसरला, पुन्हा ताणला. मग कुणाचं तरी ऐकून पट्ट्यावर राळेची पूड टाकली. मोटरचं पुलीकडचं बेअरिंग ओरडायला लागलं तरी कुट्टी चालूच, कारण जनावरं उपाशी ठेवायची नव्हती. शेवटी बेअरिंग जाम झालं, मोटरचं वायंडिंग, म्हणजे आतली तारांची गुंडाळी, जळालं आणि ऐन दुधाच्या दिवसांत घरातली बाई विळा घेऊन बसली. मी गेलो तेव्हा पात्याच्या काठावरून अंगठा फिरवला तर चरासुद्धा उठेना. फिरतं पातं आणि तोंडाशी बसवलेली स्थिर पट्टी यांच्यात दुमडलेलं पोस्टकार्ड आरपार जात होतं. धार लावली, अंतर जुळवलं, नवा पट्टा बेताच्या ताणावर बसवला. रिवाइंड केलेली मोटर मग निवांत चालली. हा सगळा खर्च वेळेवर लावलेल्या धारेनं वाचला असता, म्हणून मला राग येतो.

अंतराची माझी सवय अशी: जाड कागदाचा तुकडा मध्ये धरून चाक हातानं फिरवायचं. कागद जेमतेम सरकला पाहिजे आणि पातं कुठंही घासता कामा नये. पात्याच्या दोन्ही टोकांना तपासायचं, एकाच टोकाला नाही.

व्ही-बेल्ट, म्हणजे या मशीनचा व्ही आकाराचा पट्टा, पुलीच्या खोबणीच्या दोन बाजू धरून ओढतो. तो तळाला टेकायला लागला की पट्टा किंवा पुली झिजली समजा, तिथं ताणून उपयोग नाही. पुल्यांमध्ये मीटरभर अंतर असेल तर मधोमध अंगठ्यानं दाबल्यावर साधारण दीड सेंटिमीटर दबावा. नवा पट्टा सुरुवातीला थोडा सैल होतोच, एकदा बघून घ्या. ग्रीस, साबण, राळ काही लावू नका.

पट्टा स्क्रू ड्रायव्हरनं उचकटून चढवू नका, आतले दोरे तुटतात. मोटरचे बोल्ट ढिले करायला दोनच मिनिटं लागतात.

जोडीचे दोन पट्टे असतील तर एकच पट्टा बदलू नका, दोन्ही बदला.

धार फक्त उताराच्या बाजूनं लावायची, सपाट बाजूला दगड लावायचा नाही. हँड ग्राइंडर दाबून धरला की काठ निळा पडतो, म्हणजे पात्याचं पाणी, पोलादाचा कडकपणा, उतरलं. ती धार आठवडाभर टिकत नाही. मी थोडं घासून पाण्यात बुडवतो, पुन्हा घासतो. नवशिक्यांना एवढा धीर नसतो. समोरासमोरची पाती तराजूत घालून सारख्या वजनाची ठेवा, नाहीतर चाक थरथरतं आणि बोल्ट सैल होतात. ज्वारीच्या कडब्याला मुळाशी माती असते, ती झटकून घाला.

पाती काढताना वीज गेलीय म्हणून निश्चिंत बसणं ही मी बघितलेली सगळ्यात धोक्याची सवय. स्विच चालू राहिलेला असतो आणि लाइट कधी येईल सांगता येत नाही. प्लग काढा, तो खिशात ठेवा, चाकात लाकडाची पाचर मारा, मगच पाना लावा. पाती बसवल्यावर नवे स्प्रिंग वॉशर घाला आणि दहा मिनिटं रिकामं चालवून, प्लग पुन्हा काढून, सगळे बोल्ट परत आवळा.