वॉशिंग मशीन चालूच होत नाही? मेकॅनिकला बोलावण्याआधी या चुका टाळा

रविवारी सकाळी शाळेचे युनिफॉर्म, टॉवेल आणि दोन चादरी आत कोंबल्या, पावडर घातली, बटण दाबलं आणि मशीन ढिम्म. ना लाइट, ना बीप. मग सगळे करतात तेच मीही केलं. बटण दहा वेळा दाबलं, मशीनला एक चापट मारली आणि मेकॅनिकला फोन लावला. तो आला मंगळवारी. मशीनकडे न जाता त्याने आधी भिंतीवरच्या सॉकेटला बोट लावून पाहिलं, मेन स्विच बंद केला, प्लग ओढून काढला आणि माझ्यासमोर धरला. एक पिन काळी पडली होती, आणि सॉकेटच्या त्याच भोकाभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलं होतं. "ताई, मशीन ठणठणीत आहे. बोर्ड जळलाय." व्हिजिटचे पैसे गेलेच, वर वायरमनचे वेगळे.

"पण मी चार्जर लावून बघितला होता, मोबाइल चार्ज होत होता!" मी म्हटलं. तो हसला. इथेच माझी मोठी चूक झाली होती. मोबाइलच्या चार्जरला करंट अगदी थोडा लागतो. त्याच्यावर लिहिलेलंच असतं, १०० ते २४० व्होल्ट. लूज कनेक्शनवरसुद्धा तो बिनतक्रार चालतो. मशीनने जास्त करंट ओढला की तेच कनेक्शन मान टाकतं. सॉकेट तपासायचा तर इस्त्री लावून तपासा. इस्त्री नीट तापली तर सॉकेट बहुतेक बरा आहे. मात्र सॉकेट गरम लागत असेल, काळा पडला असेल किंवा जळका वास येत असेल, तर इस्त्रीही लावू नका. मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा.

टेस्टरवरही डोळे झाकून विसंबू नका. टेस्टर पेटला म्हणजे फेज, म्हणजे वीज आणणारी तार, चालू आहे, एवढंच. मागे न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, सुटला असेल तरी टेस्टर छान पेटतो आणि मशीन मेलेलंच राहतं.

आणखी एक गंमत इन्व्हर्टर असलेल्या घरांतली. पंखा फिरतोय, ट्यूब पेटलीय, म्हणून वीज आहे असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात वीज कधीच गेलेली असते. मशीनचा पॉइंट सहसा इन्व्हर्टरवर नसतो, त्यामुळे बंद फक्त तेच दिसतं. थ्री फेज मीटर असेल तर एकच फेज गेल्यावरही अर्धं घर चालू, अर्धं बंद होतं. गीझर किंवा फ्रिज चालू आहे का बघा, शेजारी विचारा.

मशीन एक्स्टेन्शन बोर्डवर किंवा जाड पिनांचा प्लग बारीक भोकांत बसवणाऱ्या कन्व्हर्टरवर चालवू नका. गरम पाण्याने धुणाऱ्या मशीनचा हीटर सुमारे २००० वॅटचा असतो. २३० व्होल्टला हिशेब केला तर साडेआठ अँपिअरच्या पुढे जातो, आणि साधा छोटा सॉकेट असतो ६ अँपिअरचा. आमचा बोर्ड असाच भाजला होता. १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि चालू अर्थिंग हवंच.

एमसीबी, म्हणजे लोड वाढला किंवा शॉर्ट झाला की आपोआप पडणारा मेन बोर्डातला स्विच, पडला असेल तर प्लग काढा आणि एकदाच वर करा. प्लग काढूनही पडतोय, तर दोष घराच्या वायरिंगमध्ये. मशीन लावल्यावरच पडतोय, तर दोष मशीनमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये. गॅलरीत ठेवलेल्या मशीनला पावसाळ्यात ओल धरते, उंदीर वायर कुरतडतात. पुन्हापुन्हा वर करून "बसतोय का" बघणं, किंवा शॉकपासून वाचवणारा आरसीसीबी बायपास करून घेणं, हा जिवाशी खेळ आहे.

बोर्डात वीज आहे, तरी मशीन गप्प? मग आधी ठरवा, ते पूर्ण मेलंय की नुसतं सुरू होत नाही. डिस्प्ले पेटतोय पण बटणं ऐकत नाहीत, तर चाइल्ड लॉक बघा. दार नीट लागलं नसेल किंवा उशिरा सुरू होण्याची वेळ चुकून लावली गेली असेल, तरीही तसंच होतं. काही मॉडेल्सचं पॉवर बटण दोनेक सेकंद दाबून धरावं लागतं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये स्पिनचं झाकण पूर्ण बसलं नाही की ड्रायर फिरत नाही. वीज कमीजास्त झाल्यावर मशीन अडलं असेल तर प्लग काढून दहा मिनिटं थांबा, मग लावा. यातून बरीच मशीन मार्गावर येतात.

एवढ्यानेही काही नाही झालं, तर मागचं पॅनल उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, शिवाय वॉरंटीवर पाणी पडतं. फोनवर मॉडेल नंबर आणि तुम्ही काय काय तपासलंत ते सांगा, म्हणजे मेकॅनिक पार्ट घेऊनच येतो.

फ्रंट लोडमध्ये ओले कपडे अडकले असतील तर दार खेचू नका. प्लग काढा, पाणी गरम असेल तर निवू द्या, आणि पुढे खालच्या कोपऱ्यातल्या छोट्या झाकणामागचा फिल्टर हळूहळू सैल करून पाणी सोडा. खाली परात ठेवा, बादली तिथे मावत नाही.