लहान हॉरिझॉन्टल मिलिंग मशीन : पाहायला जाण्यापूर्वीची तयारी

घरच्या वर्कशॉपसाठी जुने मशीन विकत घेताना दोन-तीन मशीनची तुलना करायची असेल, तर आपल्याला त्यावर कोणती कामे करायची आहेत ते आधी लिहून काढावे. शाफ्टमधील चावीच्या खाचा (की-वे), लांब सपाट पृष्ठभाग, स्लिटिंग सॉने (पातळ चकतीसारख्या कटरने) पाडायच्या चिरा आणि लहान गिअर ही आडव्या आर्बरची, म्हणजे कटर बसवायच्या दांड्याची, खरी कामे आहेत. बहुतेक कामे एंड मिलची (टोकाने आणि बाजूने कापणाऱ्या उभ्या कटरची) असतील, तर त्या मशीनला व्हर्टिकल हेड मिळते का, याची चौकशी सर्वांत आधी करावी.

टेबलाची लांबी-रुंदी सगळेच विचारतात, पण माझ्या मते पहिला प्रश्न स्पिंडलच्या (फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) टेपरचा, म्हणजे त्याच्या निमुळत्या भोकाच्या प्रकाराचा असावा, कारण पुढे आर्बर आणि कोलेट (हत्यार पकडणाऱ्या चिरलेल्या नळ्या) कोणते मिळतील हे त्यावरच ठरते. ॲटलासच्या जुन्या लहान मशीनमध्ये मोर्स टेपर 2 आहे, बर्क नंबर 4 मध्ये ब्राउन अँड शार्प 9, तर हार्डिंजच्या टीएम मॉडेलमध्ये 5सी कोलेट थेट स्पिंडलमध्येच बसतात. मोर्स टेपर घट्ट धरून बसतो आणि सोडवताना ड्रॉबारवर (टेपर आत ओढून धरणाऱ्या लांब बोल्टवर) ठोकावे लागते. 7:24 प्रमाणाचा आयएसओ 30 टेपर मात्र ड्रॉबार सैल करताच सहज सुटतो. मूळ आर्बर, त्याचे स्पेसर, नट आणि आधाराचा बुश मशीनसोबत मिळणार आहेत ना, हे जाण्यापूर्वीच पक्के करावे आणि आर्बरचा व्यास आपल्याजवळच्या कटरच्या भोकाशी जुळवून पाहावा.

सर्वांत कमी वेग किती, हेही नोंदवावे. 75 मिमी व्यासाचा हाय स्पीड स्टीलचा कटर माइल्ड स्टीलवर मिनिटाला 25 मीटर कटिंग स्पीडने चालवायचा, तर स्पिंडल मिनिटाला साधारण 106 फेरे फिरायला हवा. किमान वेग याहून बराच जास्त असेल, तर कटरचे दात लवकर जळतील.

सोबत मॅग्नेटिक बेससह डायल गेज, टॉर्च आणि लाकडी दांडा न्यावा. आर्बर हाताने सावकाश फिरवून मधोमध रनआउट (फिरताना होणारी डगमग) पाहावा, कारण आर्बर वाकडा असेल तर मोजकेच दात कापतात आणि प्रत्येक फेऱ्याला एकदा ठोका ऐकू येतो. दांड्याने स्पिंडल वर उचलून बेअरिंगमधील ढिलाई मोजावी. टेबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण चालवावे. मध्ये सैल आणि टोकांना जड जाणारे टेबल मधोमध झिजलेले असते, आणि ती झीज जिब (टेबलाची ढिलाई काढणारी पट्टी) आवळून जात नाही. हँडल उलट फिरवून टेबल हलेपर्यंत डायलवर किती रेघा जातात तेही पाहावे. फीडच्या विरुद्ध दिशेने फिरणाऱ्या कटरला थोडा बॅकलॅश (हँडल व स्क्रूमधील हा मोकळेपणा) चालतो, पण फीडच्या दिशेने कापताना तोच बॅकलॅश जॉबला कटरखाली ओढून घेतो आणि आर्बर वाकवतो.

मोटर थ्री फेज असल्यास नेमप्लेटचा फोटो घ्यावा, म्हणजे सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी (थ्री फेज मोटर चालवणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण) तिला जुळेल का ते ठरवता येईल. दरवाजाची रुंदी मोजून ठेवावी, आणि टेबल, त्याखालचे सॅडल व नी (वरखाली होणारा आधार) वेगळे करून नेता येतील का, हे मशीनच्या मालकालाच विचारावे.