पेसमेकरची लीड सैल झाली तर: या चुका टाळा

पेसमेकर म्हटलं की सगळ्यांचं लक्ष बॅटरीकडे. किती वर्षं टिकेल, कधी बदलावी लागेल? खरं तर बॅटरी उतरू लागली की नियमित तपासणीत ते बरंच आधी कळतं. न सांगता कुरबूर सुरू करते ती लीड, म्हणजे गळ्याच्या हाडाखाली बसवलेल्या पेसमेकरच्या डबीतून निघून शिरेवाटे हृदयाच्या उजव्या कप्प्यांत गेलेली बारीक वायर. तिचं टोक इवल्याशा स्क्रूने किंवा आकड्यांनी हृदयाच्या आतल्या भिंतीला धरून बसतं. भोवती पेशी वाढून ते पक्कं व्हायला साधारण सहा आठवडे जातात. लीड जागची हलते ती बहुतेक वेळा याच काळात.

त्यामुळे टाके सुकले म्हणजे काम झालं, असं समजू नका. डॉक्टरांनी सांगितलेली मुदत संपेपर्यंत त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नये आणि जड वजन उचलू नये. घात होतो तो साध्या हालचालींत: डोक्यावरून बनियन ओढून काढताना, माळ्यावरचं काही घेताना, पलंगावरून त्याच हातावर भार देऊन उठताना. हे दिवस पुढून बटणं असलेले कपडे वापरा.

मात्र घाबरून हात पोटाशी बांधून ठेवणारेही कमी नाहीत. महिनाभर असं केलं की लीड शाबूत राहते आणि खांदा आखडतो. कोपर, मनगट, खांद्याच्या उंचीपर्यंतचा हात रोज हलताच हवा.

जुना त्रास परत आला, तरी "वयोमान" म्हणणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. ज्या तक्रारीसाठी पेसमेकर बसवला तीच पुन्हा दिसली, म्हणजे चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, चार पायऱ्यांत धाप, तर पहिला संशय लीडवर घ्या आणि त्याच दिवशी फोन करा. शुद्ध हरपली तर थेट तातडीच्या विभागात, आणि तेही स्वतः गाडी चालवत नाही. काहींचं हृदय पूर्णपणे पेसमेकरच्या भरवशावर चालतं, त्यांना थांबायला सवडच नसते.

उचकीकडे मात्र कुणाचंच लक्ष जात नाही. जेवणानंतरची उचकी वेगळी. पण ठरावीक ठेक्यात, नाडीच्या तालावर पोटाचा वरचा भाग उडत असेल, एका कुशीवर वळल्यावर सुरू आणि दुसऱ्या कुशीवर बंद होत असेल, तर सरकलेली लीड श्वासपटलाला किंवा त्याच्या नसेला झटके देत असू शकते. डबीजवळचा स्नायू फडफडत असेल तर लीडचं आवरण फाटल्याची किंवा जोडणी ढिली असल्याची शंका येते.

नाडी बघताना ऑक्सिमीटरवर विसंबू नका, मधले अवेळी ठोके त्याला चकवतात. मनगटावर बोटं ठेवून पूर्ण मिनिट मोजा. आपला पेसमेकर किमान किती ठोक्यांवर लावलाय हे आधी विचारून ठेवा. रात्रीसाठी तो आकडा कमी ठेवलेला असू शकतो, म्हणून एकदा कमी भरली तर घाबरू नका. कमी नाडी आणि सोबत चक्कर असेल, तर मात्र थांबू नका.

डबी चाचपत बसण्याची सवय वाईटच. त्वचेखाली ती फिरत राहिली की लीड तिच्याभोवती गुंडाळली जाऊन टोक ओढलं जातं. 1968 मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी याची नोंद केली, त्याला ट्विडलर सिंड्रोम म्हणतात. कित्येकांना आपण ती फिरवतोय याचा पत्ताही नसतो.

ईसीजी नॉर्मल आला म्हणून गप्प बसणं

सैल जोडणी अधूनमधून त्रास देते. ईसीजीच्या त्या काही सेकंदांत ती शहाण्यासारखी वागली, तर कागदावर काहीच उमटत नाही. म्हणून नुसती "चक्कर येते" अशी तक्रार नको. हात मागे नेल्यावर, डाव्या कुशीवर, खोल श्वास घेताना, असं नेमकं सांगा, आणि प्रोग्रामरने, म्हणजे पेसमेकर बाहेरून तपासण्याच्या यंत्राने, तपासणी चालू असताना तीच हालचाल करून दाखवू का, असं विचारा. लीडचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, एकदम वाढलेला दिसला तर वायर तुटली असेल किंवा डबीत लीड घट्ट धरणारा स्क्रू ढिला असेल. फार घसरला तर आवरणाला इजा. बॅटरी बदलल्यावर लगेच तक्रारी सुरू झाल्या, तर लीड जुनी असली तरी तो स्क्रू तपासायला हवा. बसवल्यानंतरचा पहिला एक्स-रे जपून ठेवा. टोक किती सरकलं ते नव्याशी ताडूनच कळतं.

लीड सैल म्हणजे दर वेळी ऑपरेशन, असं नाही. टोकाशी थोडी जास्त ऊर्जा लागत असेल, तर प्रोग्रामरवरून ती वाढवता येते, फक्त बॅटरी लवकर संपते. सुरुवातीच्या दिवसांत सरकलेली लीड पुन्हा बसवता येते. वर्षानुवर्षं रुतलेली ओढून काढणं जोखमीचं, त्यामुळे अनेकदा शेजारी नवी घालून जुनी टोपण लावून आतच ठेवतात. तसं झालं असेल तर एमआरआयच्या आधी ते आवर्जून सांगा. पेसमेकरच्या कार्डावर बऱ्याचदा फक्त चालू लीडचीच नोंद असते.