एअर रायफलच्या लिव्हरला लांब घुंडी: माझा अनुभव

मुलगी डावखुरी आणि नाशिकच्या रेंजवर तिला मिळालेली दहा मीटरची पीसीपी (सिलिंडरमध्ये दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) रायफल उजव्या हाताची. कॉकिंग लिव्हरची, म्हणजे दर शॉटआधी लोडिंगसाठी उघडायच्या दांडीची घुंडी आखूड, वर जाड जॅकेटची बाही. ७५ मिनिटांत ६० शॉट मारायचे तर दर वेळी असं चाचपडणं परवडत नाही.

एआर-१५ या अमेरिकन रायफलवाले स्कोपखाली (दुर्बिणीखाली) दडलेल्या चार्जिंग हँडलला, म्हणजे मागे ओढायच्या मुठीला, लांब लॅच (खटका) लावतात, विचार तोच. पण हाव धरू नये. घुंडी बाहेर जितकी जास्त, तितका पीळ लिव्हरच्या पिनेवर. बोटाची दोन पेरं टेकतील एवढी पुरे.

सातपूरच्या एका टर्नरकडून घुंडी अॅल्युमिनियमची करून घेतली, टोक गोल, आटे जुन्याच स्क्रूचे. स्टील नको म्हटलं, रायफलला ५.५ किलोची मर्यादा आहे आणि डावखुऱ्या पोरीला तोल आधीच सांभाळावा लागतो.

बसवताना सिलिंडर काढला, बॅरल रिकामी असल्याची खात्री केली, आट्यांना निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावलं. मग मुलीला जॅकेट घालूनच लिव्हर पुन्हा पुन्हा उघडायला लावली. लिव्हर पूर्ण मिटते ना, एवढंच बघायचं होतं. आता लोडिंग करताना मुलीची मान हलत नाही.