बाळाला घरगुती औषध कसं द्यायचं, आणि कधी अजिबात द्यायचं नाही

बाळ रात्री रडायला लागलं की प्रत्येकजण काहीतरी सुचवतो, हे चाटव, त्याचा काढा दे, अमुक तेलाचा वास दे. रात्रीचे दोन वाजलेले असतात, आपली झोप उडालेली असते, मग हाताला लागेल ते द्यावंसं वाटतं. माझा मोठा दोन महिन्यांचा असताना मी गॅससाठी त्याला दिवसातून तीन-चार वेळा बडीशेपेचं पाणी पाजत होते आणि मला वाटत होतं मी फार चांगलं करतेय. पुढच्या वजनाला गेलो तर वजन जवळजवळ हललंच नव्हतं. डॉक्टरांनी एकच विचारलं, दुधाशिवाय काय देताय? त्या दिवसापासून मी एक गोष्ट पक्की धरलीय, बाळ जितकं लहान तितके तोंडावाटे द्यायचे उपाय कमी. लहान बाळाचे चांगले घरगुती उपाय बहुतेक सगळे बाहेरून करायचे असतात.

कारण साधं आहे. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध किंवा फॉर्म्युला, बस, वरचं पाणीसुद्धा नको. पोट एवढंसं असतं, ते पाण्याने भरलं की तेवढं दूध कमी जातं, आणि या वयात किडन्यांना जास्तीचं पाणी पटकन बाहेर टाकता येत नाही, रक्तातलं सोडियम खाली येतं आणि फार झालं तर बाळाला झटके येऊ शकतात. काढा, हर्बल टी, ग्राइप वॉटर सगळं यातच आलं. ग्राइप वॉटर १८५१ साली इंग्लंडमध्ये आलं तेव्हा त्यात चक्क अल्कोहोल आणि साखर असायची, बाळ शांत व्हायचं यात नवल नाही. आता अल्कोहोल नसतं, पण ते पोटदुखीवर काम करतं असा भक्कम पुरावाही नाही.

पोटदुखीचं म्हणजे कॉलिकचं रडणं साधारण सहाव्या आठवड्याला सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप थांबतं. म्हणून आठव्या-नवव्या आठवड्यात जो उपाय सुरू केला तो लागू पडला असं वाटतं, आणि मग तोच सगळ्यांना सांगितला जातो. तोपर्यंत करायचं काय तर बाळाला आपल्या हातावर पालथं धरून हळूहळू चालायचं, पाय सायकलसारखे फिरवायचे, उघड्या छातीशी धरायचं, कोमट पाण्याने अंघोळ, पंख्यासारखा एकसारखा आवाज. आणि आपलाच संयम सुटायला लागला तर बाळाला पाळण्यात सुरक्षित उताणं ठेवून पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जायचं. हे मी मनापासून सांगते, थकलेल्या आईने बाळाला रागाच्या भरात गदागदा हलवण्यापेक्षा बाळ पाच मिनिटं रडलेलं परवडलं.

नाक चोंदलं की मिठाचं पाणी, याच्याइतका बिनधोक उपाय मला दुसरा माहीत नाही. एक मोठा कप (साधारण २४० मिली) पाणी चांगलं उकळून गार करा, त्यात अर्धा चहाचा चमचा मीठ विरघळवा, रोज नवीन करा. दूध पाजायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन थेंब, मिनिटभर थांबा, मग रबरी बल्बने अलगद ओढून घ्या. सारखं सारखं ओढू नका, आतली त्वचा सुजते आणि नाक अजूनच बंद होतं. करायला जमत नसेल तर सलाइन ड्रॉप्स तयार मिळतात, तेच आहे ते.

वाफेसाठी गरम पाण्याचं पातेलं बाळाजवळ नको, पाणी सांडून भाजायच्या केसेस होतात. बाथरूममध्ये गरम शॉवर सोडून दार लावायचं आणि बाळाला कडेवर घेऊन पाण्यापासून लांब बसायचं, दहा मिनिटं पुरे. कापूर, मेंथॉल, निलगिरी असलेले बाम दोन वर्षांच्या आतल्या मुलांना लावू नका, छातीला नाही, नाकाखाली तर नाहीच. मेंथॉलच्या वासाने तान्ह्या बाळाचा श्वास अडखळू शकतो, आणि कापूर थोडासा जरी पोटात गेला तरी झटके येऊ शकतात.

आता मध. एक वर्षाच्या आत मधाचं बोटसुद्धा नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. घरच्या उकळण्या-शिजवण्याने ते मरत नाहीत, त्यामुळे 'शुद्ध मध आहे', 'गरम करून दिलाय' याने काही फरक पडत नाही. आधीच चाटवला असेल तर घाबरून जाऊ नका, पण लक्ष ठेवा, शी होत नाहीये, रडण्याचा आवाज बारीक झालाय, दूध ओढायची ताकद कमी झालीय, पापण्या जड, मान-हातपाय लुळे, यातलं काही दिसलं तर लगेच हॉस्पिटल.

वर्ष झाल्यावर मात्र तोच मध खोकल्यावर खरंच चांगला. झोपायच्या आधी अर्धा ते एक चहाचा चमचा, नुसता किंवा कोमट पाण्यातून, घशाला लेप बसतो आणि रात्रीचा खोकला कमी होतो. नंतर दात घासायला विसरू नका. लहान मुलांच्या खोकल्याच्या सिरपपेक्षा मी हाच निवडेन.

दात येताना फ्रिजमध्ये गार केलेली चावायची रिंग द्या, फ्रीजरमधली नको, दगडासारखी होते. किंवा स्वच्छ बोटाने हिरड्या चोळा. लवंगेचं तेल मोठ्यांच्या दातदुखीला ठीक, बाळाला नाही, थोडंसं गिळलं तरी लिव्हरवर जातं. दात येताना बाळाच्या गळ्यात घालतात त्या अंबरच्या मण्यांच्या माळांनी गळा आवळायचा किंवा मणी घशात अडकायचा धोका आहे. बेलाडोना (एक विषारी वनस्पती) असलेल्या दात येण्याच्या होमिओपॅथिक गोळ्या वापरू नका म्हणून अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) २०१६ मध्ये सांगितलं, आणि पुढच्या वर्षी तपासणीत बेलाडोनाचं प्रमाण लेबलपेक्षा बरंच जास्तसुद्धा निघालं.

कोरडी, खाजरी त्वचा असेल तर ओट्स मिक्सरमध्ये अगदी पिठासारखे बारीक करा (त्यातलं चमचाभर पीठ पाण्यात टाकून पाणी दुधासारखं झालं तर बरोबर), कोमट पाण्याच्या टबात मिसळून दहा-पंधरा मिनिटं बसवा, टिपून पुसा आणि अंग ओलसर असतानाच साधं मॉइश्चरायझर लावा. बाळ निसरडं होतं, हात सोडू नका. मालिशला ऑलिव्ह ऑइल लोक सर्रास वापरतात, पण त्यातल्या ओलेइक ॲसिडने नाजूक त्वचेचा थर कमकुवत होतो, खोबरेल किंवा सूर्यफुलाचं बरं. एक्झिमा असलेल्या बाळाला शेंगदाण्याचं तेल नको, फुटलेल्या त्वचेतून ॲलर्जी तयार होऊ शकते. आणि लसूण ठेचून अंगाला बांधणं तर कृपा करून नको, खरंच भाजतं, फोड येतात.

जुलाब लागले तर सगळ्यात आधी ओआरएस, काढे-पावडरी बाजूला. पाकीट मिळालं तर तेच घ्या, नसेलच तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, मोजूनच, अंदाजाने नाही, कारण मीठ जास्त पडलं तर तेच घातक. चमच्या-चमच्याने, आणि दूध चालूच ठेवायचं. सहा महिन्यांच्या आतलं असेल तर अंगावर पाजत राहा आणि डॉक्टरला विचारूनच ओआरएस.

मोठ्या मुलाला एखादी वनस्पती द्यायची झाली तर एका वेळी एकच, फिकी करून, दोन-चार चमच्यांपासून, आणि वहीत लिहून ठेवा काय दिलं, किती, किती वाजता. तीन गोष्टींचं मिश्रण दिलं आणि पुरळ आलं तर कशाने आलं कळणार कसं? कॅमोमाइल सौम्य आहे, पण शेवंतीच्या कुळातलं, त्या फुलांची ॲलर्जी असेल तर नको. चक्रीफुलाचा चहा अजिबात नको, त्यासारखंच दिसणारं जपानी चक्रीफूल विषारी असतं, ते मिसळलेला चहा पिऊन बाळांना झटके आलेत आणि २००३ मध्ये एफडीएने तशी सूचनाही काढली होती. विलो झाडाच्या सालीत ॲस्पिरिनच्या जातीचा घटक असतो, फ्लू किंवा कांजण्यांमध्ये मुलांना ॲस्पिरिनने रेज सिंड्रोम (मेंदू आणि लिव्हरवर जाणारा गंभीर आजार) होऊ शकतो म्हणून ही सालही नाही. लेबल नसलेली, आत काय आहे ते कुणी सांगू शकत नाही अशी पुडी कितीही मायेने कुणी दिली तरी देऊ नका, अशा पावडरींमध्ये शिसं आणि पारा सापडलेला आहे. मुलाला झटक्यांचं किंवा दुसरं कुठलं रोजचं औषध चालू असेल, नाहीतर ऑपरेशन ठरलं असेल, तर डॉक्टरला सगळं सांगा, ओरडतील म्हणून लपवू नका.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ डिग्री सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) किंवा वर ताप म्हणजे घरगुती काहीच नाही, थेट डॉक्टर, मध्यरात्र असली तरी. श्वास जोरात, छाती आत ओढली जातेय, सहा-आठ तास लंगोट कोरडा, उलटी हिरवी, बाळ उठवून उठत नाही, यातही तेच.

आणि सुगंधी तेलांच्या बाटल्या कुलपात ठेवा. टी ट्री, निलगिरी, विंटरग्रीन, बाटली छोटी दिसते, पण विंटरग्रीनच्या एका चमच्यात लहान मुलाचा जीव जाईल इतकं सॅलिसिलेट (ॲस्पिरिनच्या जातीचा घटक) असतं. मुलाने काही प्यायलं असं वाटलं तर उलटी काढायला जाऊ नका, तेल फुफ्फुसात जातं. तोंड पुसा, बाटली बरोबर घ्या आणि लगेच हॉस्पिटलला निघा.