सावलीतल्या बागेत आपोआप उगवलेली रानफुलं कशी ओळखायची

पावसाळ्यात आंब्याफणसाखाली, घरामागच्या ओलसर पट्ट्यात जे काही उगवतं ते सरसकट "गवत" म्हणून उपटू नका, निदान फुलं येईपर्यंत तरी थांबा. आणि फूल आलं की नुसत्या रंगावर जाऊ नका, रंगानेच सगळ्यात जास्त घोळ होतो. फूल कुठून निघतंय आणि पान कसं आहे ते आधी बघा.

निळंच घ्या. केना सकाळी फुलतो आणि दुपारपर्यंत कोमेजतो, म्हणून चहा घेतानाच चक्कर मारा. दोन मोठ्या निळ्या पाकळ्या, तिसरी एकदम छोटी, आणि फूल मधोमध दुमडलेल्या हिरव्या पानाच्या घडीतून बाहेर येतं. ही घडी नक्की बघा, कारण केन्याच्याच कुळातल्या काही निळ्या-जांभळ्या फुलांना ती नसते. पान खोडाला जिथे वेढतं तिथे तांबूस केस असले की भाजीचा केना समजा. एखादा हळूच मुळासकट काढा, मातीत बारकी पांढरी फुलं सापडतील, ती उघडतच नाहीत तरी त्यात बी धरतं, भारी प्रकार आहे.

तेरडा सोप्पा. पाणीदार खोड, फुलामागे बाकदार शेपटी, आणि पिकलेल्या बोंडाला हात लावला की फट्‌कन बी उडतं.

जमिनीलगत सहा पाकळ्यांची पिवळी चांदणी आणि खजुराच्या रोपासारखी चुण्यांची पानं म्हणजे काळी मुसळी. पानं खोडाभोवती गोल फिरत वर चढतायत, लाल कणसातून चुरगळल्यासारखं पांढरं फूल येतंय, तर पेव. सापकांदा पहिल्या पावसात, पानाआधीच, फणा काढून उभा राहतो, तो बघायचा फक्त, चाखायला जाऊ नका, घसा भयंकर खाजतो.

बाकी घाणेरी, एकदांडी, गुलबक्षी ही सगळी मूळची अमेरिकेकडची, कितीही ओळखीची वाटली तरी. पिवळ्या फुलांचा वेडेलिया पेरापेराला मुळं फोडत सावलीतही पसरतो, तो मात्र खुशाल काढा.

झाडं ओळखणाऱ्या ॲपवर टाकायला फोटो काढाल तर फूल समोरून, बाजूने, पानाची मागची बाजू आणि खोड असे काढा, नुसत्या फुलाच्या क्लोजअपवर ॲप काहीही नाव सांगतं.

आणि सापकांदा, मुसळी, पेव यांच्याजवळ आत्ताच काडी रोवून ठेवा. उन्हाळ्यात वर काही दिसत नाही, कंद खाली असतात, आणि माळीबुवा कुदळ घेऊन नेमके तिथेच खणतात.