एलिमिनेशनचे भाव वाचताना या चुका टाळा

रिअ‍ॅलिटी शोमधून या आठवड्यात कोण बाहेर जाणार, याचे सौदे चालतात त्या बाजारात आधी वेगळाच प्रश्न विचारायचा असतो: हे कुणाला आधीच ठाऊक आहे का?

अमेरिकन शो 'सर्व्हायव्हर'चे भाग प्रसारणाच्या कित्येक महिने आधी चित्रित झालेले असतात. कोण गेलं हे स्पर्धकांना, क्रूला, एडिटरला माहीत असतं. गुप्ततेच्या करारावर सह्या असल्या तरी कुजबुज होतेच. म्हणून एपिसोडच्या आदल्या रात्री, काही घडलेलं नसताना एखाद्याचा 'येस' (तो बाहेर गेला तर 100 सेंट, नाही तर शून्य देणारा सौदा) 20 सेंटवरून 70 वर गेला, तर 'लोक वेडे झालेत' म्हणून उलटी बाजू घेऊ नका. समोरच्याने उत्तरपत्रिका पाहिलेली असू शकते.

अमेरिकन 'बिग ब्रदर'मध्ये निकाल आधी ठरलेला नसतो, पण शिळ्या बातमीचा धोका आहेच. घरातले कॅमेरे ऑनलाइन चालू असतात. नॉमिनेशन काय झालं, व्हेटो (नॉमिनेशनमधून एखाद्याला वाचवण्याचा अधिकार) कुणी जिंकला, हे फीड बघणाऱ्यांना टीव्हीवर दिसण्याआधीच कळतं. नुसते एपिसोड बघून सौदे करण्याचा उद्योग मी सीझनभर केला. खरे पैसे नव्हे, नुसती खेळातली नाणी लावायचा बाजार होता म्हणून निभावलं! शिवाय कुणाला बाहेर काढायचं हे तिथे घरातलेच मत देऊन ठरवतात. बाहेर चाहत्यांनी कितीही गोंगाट केला तरी त्या मतांत काडीचा फरक पडत नाही.

प्रेक्षक मत देतात तिथे गोंगाटाला थोडी किंमत आहे, पण नियम बदलत असतात. 'डान्सिंग विथ द स्टार्स' या नृत्यस्पर्धेत 2018 साली बॉबी बोन्स हा स्पर्धक परीक्षकांच्या गुणांत मागे असूनही जिंकला. पुढच्याच वर्षी तळाच्या दोघांपैकी कुणाला ठेवायचं हा निर्णय परीक्षकांकडे गेला. जुन्या सीझनचं गणित डोळे मिटून लावणाऱ्याचं तिथे काय झालं असेल?

नियमांवरून आठवलं, सौद्याच्या अटीही शेवटपर्यंत वाचा. स्पर्धक स्वतःहून निघून गेला तर ते एलिमिनेशन धरणार का? एकाच रात्री दोघे गेले तर? 'सर्व्हायव्हर'च्या 2016 मधल्या एका सीझनमध्ये तिघांना वैद्यकीय कारणाने खेळ सोडावा लागला होता, तेव्हा हे प्रश्न काल्पनिक नाहीत.

भाव म्हणजे थेट टक्केवारी, हाही गैरसमजच. सात स्पर्धकांचे 'येस' 34, 22, 18, 12, 9, 7 आणि 6 सेंट असतील तर बेरीज 108 होते; एकच जण जाणार असेल तर ती 100 हवी, म्हणून 34 ला 108 ने भागा. म्हणजे पहिल्याची शक्यता 34 नव्हे, साधारण 31 टक्के. त्यातही 34 हा शेवटच्या सौद्याचा भाव असेल आणि आत्ता घेणारा 29 वर, विकणारा 37 वर बसला असेल, तर त्या 34 ला फारसा अर्थ नाही. घेणारे-विकणारे मोजकेच असलेल्या अशा पातळ बाजारात लिमिट ऑर्डरच, म्हणजे आपण ठरवलेल्या भावालाच सौदा करणारी ऑर्डर, टाका.

आणि एपिसोड सुरू होण्याआधी सौदा न झालेल्या ऑर्डर रद्द करा. अमेरिकेत बरेच शो पूर्व किनाऱ्यावर पश्चिमेपेक्षा तीन तास आधी दिसतात. लॉस एंजेलिसमध्ये बसून निवांत वाट बघणाऱ्याची जुनी ऑर्डर न्यूयॉर्कमध्ये निकाल पाहिलेला माणूस केव्हाच उचलून नेतो.